वाचकांचे प्रश्न : दिव्यांगांच्या घराला हातभार

आमच्यामागे या मुलाचे कसे होणार, हा प्रश्न गोव्यातल्या कितीतरी घरांत रोज पडतो, बहुतेकदा मनातल्या मनात. ना-नफा संस्था चालवतात ती छोटी घरे हे त्याचे एक उत्तर आहे. अशा घरात सहा-आठ प्रौढ दिव्यांग एकत्र राहतात आणि सांभाळणारी माणसे सोबत असतात. या घरांना मदत कशी करावी, असे विचारणारी बरीच पत्रे आली. त्यांतली पाच इथे घेतली आहेत.

वडिलांच्या वर्षश्राद्धानिमित्त जवळच्या घरातल्या आठ जणांना जेवण द्यायचे आहे. काय न्यावे? की जेवणापेक्षा दुसरे काही जास्त उपयोगी पडेल?
– एक वाचक, डिचोली

जेवण जरूर द्या, पण तारीख आधी ठरवून घ्या. चवथीच्या दिवसांत एकाच दुपारी तीन घरांतून डबे येतात आणि भर आषाढात आठवडेच्या आठवडे कुणी फिरकत नाही. पदार्थही विचारूनच ठरवा. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर ताबा न राहण्याचे दिव्यांगत्व, असलेल्या काहींना गिळताना त्रास होतो. नेवरीचे कोरडे कवच, चुरमुरे, शेंगदाणे, काट्याचे मासे हे त्यांच्यासाठी धोक्याचे, कारण सुटा भुगा घशात पसरतो आणि श्वासनलिकेत जातो. पाण्यासारखी पातळ कढीसुद्धा अशा माणसाला दाट आमटीपेक्षा जड जाते. ती घशातून इतक्या वेगाने उतरते की गिळण्याची क्रिया मागे पडते. मऊ भात आणि त्यात कालवलेली दाट आमटी बरी. मायेपोटी स्वतःच्या हाताने घास भरवायला जाऊ नका. ते काम तिथल्या माणसांना करू द्या, त्यांना प्रत्येकाची मान कशी धरायची ते ठाऊक असते. जेवण झाल्यावर अर्धा तास तरी सगळ्यांना ताठ बसू द्यावे लागते, म्हणून गाण्याबजावण्याचा कार्यक्रम ठेवायचाच असेल तर तो त्या वेळात बसवा.

जास्त उपयोगी काय, तर सांभाळणाऱ्या माणसांचा पगार. आठ जणांच्या घरात प्रत्येक ड्युटीला दोन माणसे धरा. दिवसाच्या तीन ड्युट्या, आठवड्याचे सात दिवस, म्हणजे बेचाळीस ड्युट्या. आठवड्याची सुट्टी धरून एक माणूस सहा करतो, म्हणजे सात माणसे झाली. आजारपण, रजा, गावची जत्रा यांसाठी आणखी एक-दोन. आठ जणांच्या घराला आठ-नऊ पगार लागतात ते असे. यातला एक जण सोडून गेला की रात्रीच्या ड्युटीला एकच माणूस उरतो. मग जो स्वतः कूस बदलू शकत नाही त्याला दर दोन तासांनी वळवायचे राहून जाते, आणि माकडहाडापाशी जखम होते. ती भरून यायला महिने जातात. एका दिवसाच्या पंगतीला जो खर्च येतो तो बारा हप्त्यांत वाटून दर महिन्याला बँकेतून आपोआप जाईल असे केलेत, तर रक्कम छोटी असली तरी संस्थेला ती धरून माणूस नेमता येतो. एकरकमी देणगीच्या भरवशावर कुणालाही नोकरीवर ठेवता येत नाही.

माझा भाऊ इंग्लंडला असतो, पोर्तुगीज पासपोर्टवर. त्याला अशा घराला पैसे पाठवायचे आहेत. माझ्या खात्यात टाकून मी दिले तर चालेल का? करसवलत कोणाला?
– एक वाचक, मडगाव

नाही चालणार. पोर्तुगीज नागरिकत्व घेतल्यावर भाऊ कायद्याच्या भाषेत विदेशी स्रोत ठरतो. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी फरक पडत नाही. त्याची देणगी विदेशी देणगी कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली येते. ती फक्त त्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते, आणि तीसुद्धा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच. भावाचे पैसे तुमच्या नावाने संस्थेकडे वळवले तर तुम्हीही अडचणीत याल आणि संस्थेची नोंदणीही धोक्यात येईल. भारतीय पासपोर्टवर आखातात किंवा बोटीवर काम करणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी मानत नाहीत. म्हणून एकाच घरातल्या दोन भावांना दोन वेगळे नियम लागू शकतात. पाठवण्याआधी संस्थेला पासपोर्ट कुठला ते स्पष्ट सांगा.

करसवलतीचे थोडक्यात. आपण जिला ८०जी म्हणून ओळखतो ती सवलत नव्या करप्रणालीत मिळत नाही. जुन्या प्रणालीत साधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेवर मिळते, उत्पन्नाच्या मर्यादेत. दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. तांदूळ, कपडे, खुर्ची अशी वस्तूही धरत नाहीत. नुसती पावती पुरत नाही. संस्था आयकर खात्याकडे विवरण भरते आणि त्यातून निघालेला दाखला तुम्हाला देते, त्यासाठी पॅन क्रमांक द्यावा लागतो. देण्याआधी संस्थेकडे आणखी एक कागद मागा : दिव्यांग हक्क कायदा, २०१६ खालचे संस्थेचे नोंदणीपत्र. त्याशिवाय दिव्यांगांसाठी असे घर चालवता येत नाही. ते मागितल्याचा चांगल्या संस्थेला राग येत नाही.

आम्ही दोघेही सत्तरीपुढचे. मुलगा चौतीस वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. मुलगी लग्न होऊन म्हापशाला. आमचे राहते घर संस्थेच्या नावे करून मुलाला तिथेच कायमचे ठेवावे, असा विचार आहे. मुलगी आजच हक्क सोडायला तयार आहे.
– एक आई, फोंडा

ताई, विचार चांगला आहे, पण गोव्याच्या कायद्यात तो असा सरळ पार पडत नाही. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर घर नवरा-बायकोचे निम्मे निम्मे. त्यातही मुले असताना प्रत्येकाला आपल्या वाट्याच्या निम्म्याच भागाचे मृत्युपत्र करता येते. उरलेला निम्मा मुलांचा राखीव हिस्सा. हिशेब असा : घराचे चार भाग धरले तर तुमच्या वाट्याचे दोन आणि यजमानांच्या वाट्याचे दोन. दोघांनी मिळून संस्थेला जास्तीत जास्त दोन भाग देता येतील. उरलेल्या दोनांतला एक मुलाचा, एक मुलीचा. हयातीत बक्षीसपत्र केले तरी यातून सुटका नाही, राखीव हिश्श्यात शिरणारे बक्षीस नंतर कमी करता येते.

मुलीने आज सही केली तरी त्या सहीला किंमत नाही, कारण जिवंत माणसाचा वारसा कुणाला सोडता येत नाही. तुमच्यानंतर ती रीतसर हक्क सोडू शकेल, आणि तेव्हा जावयाची संमतीही लागेल. ही गोष्ट जावयाशी आजच मोकळेपणी बोलून ठेवा. अशा बाबतीत घोडे अडते ते बहुतेक तिथेच.

आता क्रमाने. पहिले काम पालकत्वाचे. मुलगा अठरा पूर्ण झाला तेव्हाच आई-वडील म्हणून त्याच्यासाठी सही करण्याचा तुमचा कायदेशीर अधिकार संपला. बँकेत अडेपर्यंत हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. अर्ज तिथे करा. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते, आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत दरवर्षी हिशेब. पुढे मुलीला पालक नेमायचा विचार असेल तर एक गाठ आधीच ओळखा : इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांमधल्या वाटणीच्या कोर्टातल्या कामात, ती स्वतः वारस आणि भावाची पालकही, म्हणजे दोघांचे हित एकमेकांवर आदळते. तेवढ्या वाटणीपुरता त्रयस्थ माणूस लागेल, ही गोष्ट वकिलाकडून लिहून घ्या.

दुसरे काम मृत्युपत्राचे. गोव्यात सार्वजनिक मृत्युपत्र विशेष नोटरीसमोर, म्हणजे उपनिबंधक कार्यालयात करतात. जाताना जमिनीच्या नोंदीचा, म्हणजे फॉर्म एक व चौदाचा, ताजा उतारा काढा. त्यात मुंडकाराचे (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे) किंवा कुळाचे नाव आहे का, जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावकीची आहे का, ते पाहा. अशी नोंद असलेले घर संस्थेला दिले तर तुम्ही तिला खटला देता.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे, आणि तेच राहून जाते. घर दिले म्हणून मुलाची जागा पक्की होत नाही. संस्थेशी वेगळा लेखी करार करा : कुठल्या घरात, किती जणांसोबत खोली, महिन्याचा खर्च कोण देणार, संस्था बंद पडली तर तो कुठे जाणार, बहिणीला कधीही भेटता येईल का. आणि आपल्या हयातीत, महिन्यातून चार दिवस करत करत त्याला तिथे राहायची सवय लावा. आई गेली आणि त्याच आठवड्यात घरही सुटले, असा दुहेरी धक्का त्याला बसू नये. जुन्या घराच्या छपरावरच्या नळ्यांचा (कौलांचा) खर्च संस्थेला झेपणारा नसेल, तर तुम्हाला देता येणारा भाग विकून येणारी रक्कम मुलाच्या सांभाळासाठी ठेवणे जास्त शहाणपणाचे ठरेल. संस्थेला घर हवे आहे का, ते आधी विचारा.

आमच्या मंडळाला संस्थेच्या जुन्या घराला रॅम्प बांधून द्यायचा आहे. जोते दीड फूट उंच. गवंडी म्हणतो पाच फुटांत बसवतो.
– एक मंडळ, पेडणे

पाच फुटांत बसेल, पण त्यावरून खुर्ची मागे उलटेल. प्रमाण एकास बारा : एक फूट चढायला बारा फूट लांबी. दीड फुटाला अठरा फूट, म्हणजे साधारण साडेपाच मीटर. अंगणात सरळ जागा नसेल तर मध्ये दीड मीटर लांब-रुंद सपाट कट्टा सोडून रॅम्प वळवा. रुंदी किमान १.२ मीटर. वर दारापुढेही दीड मीटरचा सपाट भाग हवाच, कारण माणसाला तिथे थांबून दार उघडायचे असते आणि उतारावर हात सोडता येत नाहीत. दोन्ही कडांना चार इंच उंच चिऱ्याची किंवा काँक्रीटची कड द्या, चाक घसरून बाहेर जात नाही. कठडा दोन्ही बाजूंना आणि दोन उंचींवर, साधारण ७० आणि ९० सेंटिमीटर : खालचा खुर्चीवाल्यांना, वरचा चालणाऱ्यांना. नळी मुठीत मावेल अशी, दीड इंचाच्या आसपास. समुद्र जवळ असेल तर स्टेनलेस स्टील ३१६ प्रतीचे घ्या. ३०४ ला खाऱ्या वाऱ्यात तांबूस डाग पडतात.

बिघडते ते असे. भराव एकदम टाकतात. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी पाणी मारून धुमसला नाही तर पहिल्याच पावसात बसतो, आणि रॅम्प जिथे उंबरठ्याला भिडतो तिथे बोटभर पायरी तयार होते. मागची मोठी चाके ती ओलांडतात, पण पुढची छोटी चाके तिला अडकतात, खुर्ची जागच्या जागी थांबते आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. आपल्या जुन्या घरांचे उंबरठे तसेही उंच, म्हणून रॅम्पची माथ्याची पातळी जमिनीवरून न मोजता उंबरठ्याच्या वरच्या कडेवरून मोजा, आणि आतल्या बाजूलाही छोटा उतार द्या.

दुसरी चूक चकचकीत फरशी. गोव्याच्या पावसात तिसऱ्या आठवड्यात शेवाळ धरते. काँक्रीट ओले असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढा, उताराच्या दिशेने नव्हे. वर पत्र्याचे छप्पर घाला. पायथ्याशी गटार करून त्यावर जाळी बसवा. जाळीच्या फटी चाकाच्या दिशेला आडव्या आणि १२ मिलिमीटरपेक्षा अरुंद. काम एप्रिलअखेर संपवा, म्हणजे काँक्रीटला निदान आठवडाभर पाणी मारायला आणि भराव बसतोय का ते पाहायला सवड राहील. पंचायतीला आधी विचारा. पैसे उरले तर न्हाणीघराच्या दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर करून द्या. रॅम्प चढून आलेली खुर्ची अनेकदा तिथेच अडते.

आणि एक. आईची चाकांची खुर्ची तशीच पडून आहे, ती द्यावी का, असे विचारणारी पत्रे बरीच आहेत. बसणाऱ्याचे माप घेऊनच द्या. कंबरेच्या रुंदीपेक्षा बोट-दीड बोटच जास्त रुंद खुर्ची हवी. मोठ्या खुर्चीत बारीक माणूस एका अंगाला कलतो आणि काही वर्षांत पाठीचा कणाही तसाच वाकतो.

बँकेतून निवृत्त झालो. पैसे फारसे नाहीत, वेळ भरपूर आहे.
– एक वाचक, काणकोण

तुमच्यासारख्या माणसाची या घरांना फार गरज आहे. आठ जणांची कागदपत्रे सांभाळणे हे एका माणसाचे काम असते आणि ते करायला कुणी नसते. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे मानधन दरवर्षी हयातीचा दाखला दिला नाही तर थांबते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यात एक लाखापर्यंतचा उपचार खर्च मिळतो, पण मुदतीत नूतनीकरण केले तरच. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र), बँकेचे केवायसी, पालकत्वाचा आदेश, पालकाने द्यायचा वार्षिक हिशेब : प्रत्येकाची वेगळी फाइल करा आणि पहिल्या पानावर सगळ्या मुदती तारीखवार लिहा. पोलीस पडताळणी मागितली तर आनंदाने द्या. फोटो काढू नका. बेल वाजवून दार उघडेपर्यंत थांबा, कारण त्या दारामागे राहणाऱ्यांचे ते घर आहे.

औषधांचा साठाही तुम्ही पाहू शकता. फिटच्या गोळ्या एकदम बंद पडल्या तर मोठी फिट येऊ शकते, आणि त्या संपतात नेमक्या शनिवारी संध्याकाळी. दिवसाला दोन गोळ्या असतील तर महिन्याला साठ. वीस उरल्या की नवी आणायची, म्हणजे हातात दहा दिवस राहतात. दर सोमवारी मोजणी करून आकडा कपाटाच्या दारावर लावलेल्या कागदावर लिहा.