वाचकांचे प्रश्न : बॅटरीचा व्होल्टेज नेमका कुठे ठरतो?

प्रश्न : लिथियम-आयन बॅटरीच्या जनकांपैकी एक, जॉन गुडइनफ, मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. कोबाल्ट ऑक्साइडची बॅटरी जास्त व्होल्टेज देईल, हे त्यांनी कशावरून ताडले?

उत्तर : इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्यांवरून. सेलचा व्होल्टेज म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधल्या इलेक्ट्रॉनच्या पातळ्यांतला फरक. कॅथोडची (धन इलेक्ट्रोडची) पातळी जितकी खोल, तितका व्होल्टेज जास्त. लिथियम बॅटरीचे आधीचे संशोधक स्टॅनली व्हिटिंगहॅम यांच्या टायटॅनियम डायसल्फाइडच्या कॅथोडला लिथियमसमोर जेमतेम २.५ व्होल्ट मिळत. सल्फाइडमध्ये याहून फार खोल जाता येत नाही, कारण मग धातूऐवजी गंधकच इलेक्ट्रॉन सोडू लागते. ऑक्सिजनची पातळी त्याहून खोल असते. गुडइनफ यांनी एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत संगणकाच्या चुंबकीय स्मृतीसाठी ऑक्साइडांवर अनेक वर्षे काम केले होते, त्यामुळे हा हिशेब त्यांच्या हातचा होता. १९८० मध्ये ऑक्सफर्डला कोइची मिझुशिमा व इतर सहकाऱ्यांसह त्यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइडमधून ४ व्होल्ट काढून दाखवले.

या शोधाचा दुसरा फायदा फारसा सांगितला जात नाही. हा कॅथोड लिथियमने भरलेलाच तयार होतो आणि हवेत हाताळता येतो. त्यामुळे अ‍ॅनोडला (ऋण इलेक्ट्रोडला) धातुरूप लिथियम लावायची गरज उरली नाही. जपानी रसायनशास्त्रज्ञ अकिरा योशिनो यांनी तिथे कार्बन वापरला, आणि १९९१ मध्ये सोनीने अशी बॅटरी बाजारात आणली.

प्रश्न : मग कोबाल्ट ऑक्साइडमधले सगळे लिथियम का वापरत नाहीत?

उत्तर : कागदावर प्रति ग्रॅम २७४ मिलिअँपिअर-तास (साठवलेल्या विजेचे माप) निघतात, पण चार्जिंग ४.२ व्होल्टला थांबवले की हाती साधारण १४० लागतात. व्होल्टेज वाढवणारी खोल पातळीच इथे आड येते. कोबाल्टची पातळी ऑक्सिजनच्या इतकी जवळ असते की चार्ज करताना निम्म्याहून जास्त लिथियम बाहेर काढल्यास ऑक्सिजनचेही इलेक्ट्रॉन जाऊ लागतात. पदार्थाची रचना ढासळते, तापल्यावर ऑक्सिजन सुटतो आणि शेजारी ज्वलनशील द्रावण असतेच.

१९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठात गुडइनफ यांच्या गटाने लिथियम लोह फॉस्फेटचा कॅथोड पुढे आणला तो यासाठी. साध्या लोह ऑक्साइडमध्ये लोहाची पातळी सोयीची नसते. फॉस्फरस ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे लोहाची पातळी खाली सरकते आणि सुमारे ३.४ व्होल्ट मिळतात. ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट जखडलेला असल्याने सहजी सुटतही नाही. उणीव एकच, पण मोठी : हा पदार्थ विजेचा फार वाईट वाहक आहे. म्हणून कण अतिसूक्ष्म करून त्यांवर कार्बनचा पातळ थर द्यावा लागतो.

प्रश्न : सौर संचात लेड-अ‍ॅसिडच्या जागी लोह फॉस्फेटची १२.८ व्होल्टची बॅटरी बसवली. मीटर चांगली भरलेली दाखवतो आणि अचानक सगळे बंद पडते. बॅटरी खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही, व्होल्टेजवरून चार्ज ताडणारा मीटर इथे चुकीचा आहे. या पदार्थात लिथियमने भरलेला आणि रिकामा असे दोन टप्पे शेजारी शेजारी नांदतात. त्यांचे प्रमाण बदलते, व्होल्टेज जवळपास तोच राहतो. चार सेलच्या बॅटरीत ९० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत फरक पडतो तो साधारण ०.३ व्होल्टचा. तेवढा तर भार चालू असताना तारांमध्येच जातो. शंट (प्रवाह मोजण्यासाठी तारेत बसवायचा छोटा रोध) लावून अँपिअर-तास मोजणारा मीटर घ्या. त्याचीही चूक साचत जाते, म्हणून अधूनमधून १४.४ व्होल्टपर्यंत चार्ज करून, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत प्रवाह ५ अँपिअरवर उतरला की तिथे १०० टक्के नोंदवा.

चार्जरही तपासा. इक्वलायझेशन (लेड-अ‍ॅसिडसाठी मुद्दाम जास्त व्होल्टेजने केलेले चार्जिंग) बंद हवे. १५ व्होल्टच्या वर गेल्यास बीएमएस (बॅटरीचे रक्षण करणारी आतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बॅटरी तोडते, आणि तेही ‘अचानक बंद’सारखेच दिसते. तापमानानुसार व्होल्टेज बदलण्याची सोयही बंद करा, कारण थंडीत ती व्होल्टेज वाढवते. शून्य अंशाखाली तर चार्जिंग करूच नका. लिथियम अ‍ॅनोडच्या ग्राफाइटमध्ये (कार्बनमध्ये) शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातुरूपाने साचते. त्या तापमानाला बॅटरी वापरायला मात्र हरकत नाही.