तेरावी खुर्ची मागा, पण बुकिंगला हात लावू नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. नाताळच्या सुट्टीत बारा जण सोलापूरला येताय, शनिवारी दुपारी हुरडा, रात्री शहरात फॅमिली रेस्टॉरंट, रविवारी अक्कलकोट करून तिथंच जेवण. तिन्ही ठिकाणचं बुकिंग झालंय आणि आता आत्या म्हणतायत, 'मी पण येते.' वर दोघांनी सल्ला दिलाय की अ‍ॅपवर आकडा बदला, एका मिनिटाचं काम आहे. हात जोडून सांगतो, तेवढं करू नका. ते एका मिनिटाचं काम मी केलेलं आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरचाच शेवटचा आठवडा. पुण्याहून दादा-वहिनी, नगरची बहीण, मुंबईचे चुलतभाऊ, पोरंटोरं धरून आम्ही सोळा. मी इथलाच, म्हणून सगळी व्यवस्था माझ्या गळ्यात. दहा दिवस आधी एका अ‍ॅपवरून शनिवारी रात्री आठचं बुकिंग केलं, २,००० रुपये अ‍ॅडव्हान्स भरला. शुक्रवारी संध्याकाळी वहिनींचा फोन, "भावजी, आई पण येतेय बरं का." म्हणजे माझ्या आईच्या विहीणबाई. दुसरं कोणी असतं तर 'सरक रे जरा' म्हणून मधे बसवलं असतं. विहीणबाईंना खुर्ची लागते, आणि तीही बऱ्या जागेची.

अ‍ॅपमध्ये 'बदल करा' असं बटण होतं. १६ चे १७ केले. हिरवी खूण आली, खाली बारीक अक्षरात विनंती पाठवल्याचं काहीतरी होतं. मी खूण बघितली आणि मोबाइल खिशात टाकला. नंतर कळलं ते असं: बटण दाबलं त्याच क्षणी माझं जुनं बुकिंग सुटलं आणि सतरा जणांची नवी विनंती रांगेत जाऊन उभी राहिली. मोठ्या ग्रुपला तिथं कुणीतरी हाताने मंजुरी द्यायची असते, ती कुणी दिलीच नाही. सुट्टीतला शनिवार. हॉलमधली ती सलग टेबलं दुसऱ्या कुणीतरी लगेच उचलली.

शनिवारी दुपारी मनात पाल चुकचुकली म्हणून हेल्पलाइनला फोन केला. वीस मिनिटं गाणं ऐकवलं, मग एक मुलगी म्हणाली, "सर, आपकी रिक्वेस्ट प्रोसेस में है, हो जाएगा." झालं, मी निर्धास्त. आता मला सांगा, हॉटेल माझ्या घरापासून दीड किलोमीटर, रोज त्याच्यापुढून जातो, आणि मी चौकशी करतोय ती कुठल्या शहरात बसलेल्या हेल्पलाइनकडे! बटण दाबलं ती चूक होतीच, पण गाडीला किक मारून स्वतः जाऊन विचारलं नाही, ती खरी चूक.

रात्री आठला सगळे नटूनथटून हजर. मॅनेजरने लाल वही उघडली. पेनचं टोपण एकेका ओळीवरून फिरवत खाली आला आणि माझ्या नावावर थांबला. नावावर आडवी रेघ.

"सायेब, तुमचं तर कॅन्सल दाखवायलंय की."

पुढचे दोन तास सांगण्यासारखे नाहीत, पण सांगतो. विहीणबाई पैठणी नेसून बाहेर दुचाक्यांच्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. पोरांनी काउंटरवरची बडीशेपेची वाटी संपवली, भरून आणली तीही संपवली. विहीणबाई "असू द्या हो, त्यात काय" म्हणत होत्या आणि त्यांच्या प्रत्येक 'असू द्या'ला वहिनींचा चेहरा आणखी उतरत होता. दादा माझ्याकडे बघतच नव्हता. दहाला चाराची दोन टेबलं सुटली, तिथं थोरली माणसं बसवली आणि आम्ही बाकीचे पार्सल घेऊन घरी. घरी पोचेपर्यंत रोट्या चामड्यासारख्या झालेल्या.

निघताना मॅनेजर जे बोलला ते आजही आठवतं. "सोळाला आम्ही चार टेबलं जोडतो. दोन्ही टोकं मोकळीच असतात की. सतरावी खुर्ची टाकली असती, त्याला बुकिंग कशाला बदलायचं?"

म्हणजे मुळात काही करायचीच गरज नव्हती.

तुमचा हिशेब बघा. चाराचं टेबल म्हणजे समोरासमोर दोन-दोन. अशी तीन जोडली की दोन्ही बाजूंना सहा-सहा, झाले बारा. टोकाच्या दोन जागा वर उरतात. म्हणजे आत्यांची खुर्ची आजच तयार आहे, फक्त ती टाकायला कुणाला तरी सांगायचंय. एक बाजू भिंतीलगतच्या सोफ्याची असली किंवा गोल टेबल असलं तर हे गणित चुकतं, तेव्हा टेबल कसं आहे ते आधी विचारा. आणि टोकाच्या खुर्चीवर आत्यांना बसवू नका. ती वेटरच्या वाटेत येते, गरम आमटीची वाटी डोक्यावरून जाते. तिथं एखादा कॉलेजचा पोरगा बसवायचा आणि आत्यांना भिंतीकडे.

सांगायचं कसं? दुपारी चार ते सहाच्या मधे थेट हॉटेलात फोन करा. एकला किंवा रात्री नऊला केलात तर जो उचलेल तो 'हो हो या' म्हणेल आणि विसरेल. रात्री काउंटरला कोण असणार ते विचारा, त्यांचं नाव लिहून घ्या. मग व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाका: आमचं बाराचं बुकिंग आहे तसंच ठेवा, टोकाला एक खुर्ची जास्त लागेल. 'तेरा जण येतोय' असं लिहूच नका. समोरचा भला माणूस तेराची नवी नोंद करायला जाईल आणि बाराची खोडेल. शंका वाटतेय? वाटू द्या. माझ्या नावावरची रेघ मी बघितलीय.

एका माणसाचं वेगळं बुकिंग करायची आयडियाही कुणीतरी देईल. तेही नको. एकाच नंबरवरून एकाच वेळेची दोन बुकिंगं दिसली की डुप्लिकेट समजून त्यातलं एक उडवतात, आणि कुठलं उडेल ते आपल्या हातात नसतं.

हा सगळा माझा एका गावातला अनुभव, तज्ज्ञ वगैरे मी नाही. गोव्यात किंवा परदेशात, जिथं कार्डावर पैसे अडकवून ठेवतात किंवा माणशी ठरलेला मेनू असतो, तिथं आकडा म्हणजे आकडा, तिथले नियम वाचूनच काय ते करा. आपल्याकडे बुफे असेल तरी माणशी पैसे लागतात, तेव्हा तेरा सांगावेच लागतील.

अ‍ॅडव्हान्सचं म्हणाल तर अ‍ॅपवाले म्हणाले पैसे हॉटेलकडे, हॉटेल म्हणालं अ‍ॅपकडे. प्रत्येक मेलला तेच उत्तर, आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. अरे, दिलगिरी काय करायचीय, विहीणबाई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या! शेवटी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, तेव्हा कुठं अडीच महिन्यांनी पैसे आले. स्क्रीनशॉट ठेवलेले म्हणून निभावलं. आणखी एक, मोठा ग्रुप बघून बिलात सर्व्हिस चार्ज लावला तर न भांडता काढायला सांगा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय की तो आपोआप लावता येत नाही. जीएसटी मात्र द्यावा लागतो, त्यावर वाद घालू नका.

हुरड्याची काळजी करू नका. शेतावर एक माणूस वाढला तर कुणी मोजत बसत नाही. फक्त आदल्या रात्री सांगा, कारण कणसं सकाळी तोडतात आणि तेवढीच आगटीत जातात. दुपारी बाराला सांगितलंत तर वाढीव कणसं कुठून आणणार? जमिनीवर बसता येत नसेल तर आत्यांसाठी खाट किंवा खुर्ची तेव्हाच सांगून ठेवा, नाहीतर गरम हुरडा तळहातावर चोळून द्यायला शेजारी कुणी नसतं आणि शेंगाचटणी-गुळावरच दुपार जाते.

रविवारचं अक्कलकोटचं बुकिंग मी तुमच्या जागी असतो तर सरळ सोडलं असतं. श्री स्वामी समर्थ अन्नछत्र मंडळात महाप्रसाद मिळतो, तिथं बारा आले काय, तेरा आले काय. रविवारी रांग असते हे खरं, पण रांगेत कुणाचं नाव खोडलेलं नसतं. घरच्यांना हॉटेलच हवं असेल तर माझं काही म्हणणं नाही.

आत्या मुंबईहून वंदे भारतने शुक्रवारी येणार असतील तर ती दुपारी चारच्या सुमारास निघते आणि इथं रात्री साडेदहाच्या पुढे पोचते. त्या रात्री त्यांना कुठल्याही हॉटेलच्या हिशेबात धरू नका, तिकिटात जेवण घेतलं तर गाडीतच मिळतं. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून आल्या तर सकाळी पोचतील. मग हुरड्याआधी दोन तास पडू द्या त्यांना.

आणि मार्गशीर्ष चालू असेल, किंवा त्या शनिवार पाळत असतील, तर त्यांचं ताट वेगळं हवं का हे त्यांनाच विचारा, फोनवर परस्पर ठरवू नका. दातांचंही विचारा. इथली कडक भाकरी पापडासारखी मोडते, बाहेरचे लोक कौतुकाने खातात, पण कवळीला ती सोसत नाही. खुर्चीच्या मेसेजमध्येच एक ओळ घाला, 'मऊ भाकरी दोन.' तव्यावरून काढून देतात.