हॉलस्टॅटसाठी कर्ज काढू का?

प्रश्न : आम्ही सांगलीचे. मी 54 वर्षांची, यजमान 58. दोन वर्षांनी निवृत्त होतील. ऑस्ट्रियातलं तळ्याकाठचं हॉलस्टॅट पाहायची फार दिवसांची इच्छा आहे. एजंटच्या आठ दिवसांच्या सहलीला माणशी 2 लाख 90 हजार पडतात, त्यात हॉलस्टॅट अर्धा दिवस. साठलेत 1 लाख 20 हजार. उरलेल्यासाठी 6 लाखांची एफडी मोडू की 14 टक्क्यांनी तीन वर्षांचं कर्ज काढू? यजमानांचे गुडघे दुखतात, म्हणून याच मे महिन्यात जायचंय.

उत्तर : ताई, दोन्ही नको. 4 लाख 60 हजारांच्या कर्जाचा हप्ता साधारण 15,700 रुपये बसेल आणि तीन वर्षांत लाखाच्या वर व्याज जाईल. शेवटचं वर्षभर तर हे हप्ते पेन्शनमधून फेडावे लागतील. एफडी ही तुमच्या दवाखान्याची आणि अडीअडचणीची पुंजी दिसते. तिला हात लावू नका.

पण माझा खरा आक्षेप कर्जापेक्षा त्या अर्ध्या दिवसाला आहे. हॉलस्टॅट साल्झकामरगुट या डोंगर-तळ्यांच्या मुलखात आहे. पावसाने धरलं की धरलं, आणि ढग उतरले की समोरचा डोंगरही दिसत नाही. म्हणजे 5 लाख 80 हजार भरून तुम्ही एका दुपारच्या हवामानावर जुगार खेळणार. शिवाय जेमतेम साडेसातशे वस्तीच्या त्या गावात दुपारी बसभर माणसं उतरतात. गाव खुलतं ते सकाळी आणि ती माणसं परतल्यावर.

त्यापेक्षा स्वतः जा आणि तळ्याच्या टोकाला ओबरट्राउनमध्ये सहा रात्री राहा. हॉलस्टॅट तिथून बसने दहा मिनिटांवर आहे आणि खोल्या सहसा स्वस्त मिळतात. शिवाय गाव सपाट आहे, गुडघ्यांना बरं. (हॉलस्टॅटमध्ये चर्च आणि रंगवलेल्या कवट्यांचं अस्थिगृह पाहायला चढावंच लागतं.) रेल्वेने हॉलस्टॅटला उतरलात तर स्टेशन पलीकडच्या काठावर आहे आणि बोटीने गावात यावं लागतं. ती बोट संध्याकाळी लवकर बंद होते.

माझा अंदाज, युरो 105 रुपये धरून : दोघांचं विमान दीड लाख. व्हिसा माणशी 90 युरो, त्यात सेवाशुल्क आणि प्रवासविमा मिळवून 30 हजार. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो, आणि व्हिसा नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही. राहणं, जेवण, रेल्वे, हॉलस्टॅटच्या मिठाच्या खाणीचं तिकीट मिळून 1,250 युरो, म्हणजे सव्वा लाखाच्या थोडं वर. हाताशी 30 हजार. एकूण 3 लाख 40 हजार.

तेव्हा हा मे सोडा, पुढच्या वर्षीचा सप्टेंबर धरा. जो हप्ता भरायची तुमची तयारी होती, तोच आजपासून आरडीत टाका : 15 हजार, 15 महिने. व्याज न धरताही 2 लाख 25 हजार होतात आणि साठवलेले मिळून गणित जुळतं. निवृत्तीच्या आतच जाणं होतंय. मधल्या काळात यजमानांना फिजिओथेरपी सुरू करा, तो खर्च मी आनंदाने मंजूर करेन!

तिथे गेल्यावर डाखस्टाइन डोंगरावर जाणाऱ्या केबल कारचं तिकीट आधी काढू नका. ती ओबरट्राउनमधूनच सुटते. सकाळी वेबकॅमवर शिखर दिसलं तरच निघा. कार्ड मशीनने रुपये की युरो विचारलं तर युरोच निवडा, रुपयांचा दर महाग पडतो. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटल्या घेऊ नका. रविवारी किराणा दुकानं बंद असतात, दूध-ब्रेड शनिवारीच आणून ठेवा.

एजंटच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आगाऊ प्राप्तिकर, वेगळा घेतात. विवरणपत्र भरताना तो वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. म्हणून एजंटला टोकन द्यायच्या आधी मला एकदा त्याचं कोटेशन पाठवा.