मुंबईतलं रॉयल ऑपेरा हाऊस सिनेमासाठीच बांधलं होतं का? आणि त्यात एवढं बघण्यासारखं काय?

सिनेमासाठी? अजिबात नाही. आमच्या दादाला हेच सांगून सांगून माझे केस पिकले.

१९०८ साली ते बांधायची कल्पना निघाली. १९११ मध्ये काम अर्धवट असतानाच पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन उरकलं. बांधणारे दोघे: कलकत्त्याहून आलेला नाटकवाला मॉरिस बँडमन आणि कोळशाच्या दलालीतले जहांगीर कराका. टॉकीज झालं १९३५ मध्ये. म्हणजे माइक नसलेल्या गाणाऱ्यांसाठी उभारलेली वास्तू. छतच असं की सगळ्यात वर बसलेल्यालाही शब्द न् शब्द कळावा. बरोक म्हणजे जुन्या युरोपीय थाटाची भरगच्च नक्षी, ससून घराण्याची झुंबरं यांचे फोटो सगळेच टाकतात. खरी करामत कानांची आहे.

गिरगावात राहायचो तेव्हाची गोष्ट. शाळेत होतो. मध्यंतरात मी वर रेलिंगला टेकून उभा. खाली पार पुढच्या रांगेत समोसेवाला एका बाईंना म्हणाला, "काकू, सुट्टे द्या हो." ओरडला नव्हता. तरी मला कानाशी बोलल्यासारखं ऐकू आलं! घरी सांगितलं तर दादा म्हणे, "थापा मारतोस. टॉकीज ते टॉकीज." त्या दिवसापासून हा वाद घरात आहे.

१९९३ ला ते बंद पडलं. बसचा कंडक्टर 'ऑपेरा हाऊस' म्हणायचा आणि समोर कुलूप. दादासारखी माणसं म्हणायची, पाडा आणि टॉवर बांधा. डोकं फिरायचं ऐकून. शेवटी जुन्या वास्तू जपणाऱ्या वास्तुविशारद आभा नारायण लांबांनी ते दुरुस्त केलं आणि २०१६ मध्ये पुन्हा उघडलं.

तुम्ही गेलात तर खालची महागडी खुर्ची घेऊ नका, वर बसा. मी दादाला तिथेच बसवलं. कार्यक्रम संपून लोक पांगल्यावर स्टेजपाशी उभा राहिलो आणि साध्या आवाजात म्हणालो, "दादा, माझे चाळीस रुपये अजून यायचेत तुझ्याकडून." (सभागृह रिकामं असलं की कुठेही जास्त घुमतं, हे मला मान्य आहे. दुरुस्तीत आत काय काय बदललं हेही मी मोजायला गेलेलो नाही.)

दादा जिना उतरून आला. म्हणाला, "काहीएक ऐकू आलं नाही. आणि चाळीस नव्हते, तीस होते."