पेट्रोग्राडच्या पावाच्या रांगा आणि झारची गादी

झार पहिलं महायुद्ध हरत होता म्हणून रशियात क्रांती झाली की लेनिनच्या बोल्शेविक पक्षाने ती घडवून आणली, असा तुमचा प्रश्न आहे. फेब्रुवारी १९१७ पुरतं बोलायचं तर मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. लेनिन तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला होता, आणि निर्णायक लढाया आपल्या पिढीला बघायला मिळतील की नाही याची शंका त्याने जानेवारीतच बोलून दाखवली होती. आघाडीवरची सर्वांत वाईट वेळ तर १९१५ सालीच येऊन गेली होती. पोलंड हातचा गेला, लाखो निर्वासित पूर्वेकडे लोटले, तरी गादी टिकली.

खरी पडझड झाली ती गाव आणि शहर यांच्यातल्या व्यवहाराची. हा भाग पुस्तकांत दोन ओळींत उरकला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रशिया हा धान्य निर्यात करणारा देश. तुर्कस्तान युद्धात उतरल्यावर काळ्या समुद्रातून बाहेर पडायची वाट बंद झाली, निर्यात थांबली. म्हणजे देशात धान्य उरायला हवं होतं. पण कारखाने तोफगोळे बनवू लागले आणि शेतकऱ्याला घ्यायला नांगराचा फाळ, कापड, खिळे मिळेनासे झाले. युद्धाचा खर्च भागवायला सरकार नोटा छापत होतं, त्यात १९१४ च्या दारूबंदीने तिजोरीचं मोठं उत्पन्न बुडालेलं. रोज किंमत घसरणाऱ्या कागदासाठी धान्य कोण विकेल? शेतकऱ्याने ते ठेवून घेतलं, जनावरांना घातलं. जे बाजारात आलं, ते वाहून न्यायला रेल्वे पुरेना, कारण गाड्या आणि इंजिनं आघाडीसाठी राबत होती. दक्षिणेत धान्य पडून, आणि उत्तरेला राजधानी पेट्रोग्राडच्या (आजचं सेंट पीटर्सबर्ग) भट्ट्यांत पीठ नाही, जळण नाही.

या रांगांत उभ्या होत्या बायका. नवरे सैन्यात, स्वतः गिरणीत कामाची पाळी करायची आणि मग कडाक्याच्या थंडीत तासन्‌तास पावासाठी थांबायचं. झारच्या गुप्त पोलिसांना हे दिसत होतं. रांगांनी पिचलेल्या या आया विरोधी पुढाऱ्यांपेक्षा जास्त धोकादायक आहेत, असं त्यांच्याच अहवालात नोंदलेलं आहे. मला तो अहवाल फार महत्त्वाचा वाटतो. माहिती होती, पण ऐकणारं कोणी नव्हतं. १९१५ मध्ये झार निकोलस स्वतः सरसेनापती होऊन मोगिलेव्हच्या लष्करी मुख्यालयात जाऊन बसला होता. राजधानीत जर्मन वंशाची राणी आणि तिच्या विश्वासातला साधू रासपुतिन यांच्याविषयी अफवांना ऊत आला, मंत्री भराभर बदलत राहिले.

२३ फेब्रुवारीला (इथल्या तारखा तेव्हाच्या रशियन कॅलेंडरच्या; आपल्या कॅलेंडरप्रमाणे हा ८ मार्च, महिला दिन) पेट्रोग्राडच्या व्हिबोर्ग भागातल्या कापड गिरण्यांमधल्या बायका ‘पाव द्या’ म्हणत बाहेर पडल्या आणि शेजारच्या धातू कारखान्यांतल्या पुरुषांना त्यांनी बाहेर ओढलं. पुतिलोव्ह कारखान्याला आदल्याच दिवशी टाळं लागलेलं, त्यामुळे तिथले हजारो कामगार रस्त्यावरच होते. तीन दिवसांत सगळं शहर बंद पडलं.

तरीही दंगल चिरडता आली असती; १९०५ साली चिरडलीच होती. या वेळी फरक पडला तो सैनिकांमुळे. राजधानीत नवे भरती झालेले, वयस्कर, जखमेतून उठलेले शिपाई बराकींमध्ये कोंबले होते. आघाडीवर जायची त्यांची इच्छा नव्हती, आणि रांगेतल्या बायका त्यांना परक्या नव्हत्या. झारच्या हुकमावरून २६ तारखेला व्होलिन्स्की रेजिमेंटच्या शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या. रात्र त्याच विचारात गेली आणि २७ च्या सकाळी त्याच शिपायांनी बंड पुकारलं. संध्याकाळपर्यंत बहुतेक छावणी फुटली होती. २ मार्चला प्स्कोव्ह शहरात निकोलसने गादी सोडली, तीही स्वतःच्याच सेनापतींच्या सल्ल्याने.

बोल्शेविकांचा भाग इथून पुढे सुरू होतो. झारनंतर आलेल्या हंगामी सरकारने युद्ध चालूच ठेवलं, जमिनीचा प्रश्न संविधान सभेवर ढकलला आणि जूनमध्ये नवी चढाई केली, ती कोसळली. गावाकडच्या जमीनवाटपात आपला हिस्सा बुडेल या धास्तीने शिपाई घराकडे पळू लागले. ऑक्टोबरात सत्ता हाती येताच लेनिनने सोव्हिएतांच्या (कामगार आणि सैनिकांच्या निवडलेल्या परिषदांच्या) अधिवेशनात सर्वांत आधी दोन हुकूमनामे मंजूर करून घेतले: एक शांततेचा, दुसरा जमिनीचा.