कलिगन वॉटर सॉफ्टनरचे (पाण्याचा जडपणा घालवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीचे) संस्थापक कोण? ते खरेच धार्मिक होते का?

संस्थापक एमेट कलिगन, आणि हो, ते निष्ठावान कॅथलिक होते. जगाच्या अंताविषयीच्या कॅथलिक भाकितांवर त्यांनी एक पुस्तकही लिहिले. जन्म 1893, अमेरिकेच्या साउथ डकोटातील यँक्टन गावी. कंपनीच्या इतिहासात सांगतात की बाळाचे लंगोट धुण्यासाठी त्यांनी कॉफीच्या डब्याला भोके पाडून त्यात झिओलाइट (पाण्यातले क्षार धरणारे खनिज) असलेली हिरवी वाळू भरली आणि त्यातून पाणी गाळले. कपडे मऊ निघाले. 1936 मध्ये, महामंदीच्या काळात, इलिनॉयमधील नॉर्थब्रुकला त्यांनी कंपनी काढली. मला त्यांची खरी हुशारी वाळूपेक्षा धंद्याच्या पद्धतीत दिसते: यंत्र विकण्याऐवजी पाण्याचा जडपणा घालवणारी भरलेली टाकी घरी द्यायची, तिची क्षमता संपली की बदलून न्यायची. त्यामुळे बेताच्या कमाईच्या घरांनाही ती परवडली.

ही वाळू पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवते, बदल्यात सोडियम सोडते. मिठाच्या पाण्याने धुतली की पुन्हा कामाला तयार. मात्र अशाने दुष्फेन (साबणाला फेस न येणारे, जड) पाणी सुफेन (फेस येणारे) होते, निर्जंतुक होत नाही. पिण्यासाठी वेगळी सोय हवीच.

डब्याची गोष्ट कंपनीनेच जपलेली आहे, तेव्हा तिच्या बारीकसारीक तपशिलांवर फार भर देऊ नका.