घटनात्मक खटले शिकवताना निकालाआधी थांबावे

आपण लिहिले आहे की धुळे जिल्ह्यातील आपल्या शाळेत नववी-दहावीची मुले केशवानंद भारती, मनेका गांधी ही नावे आणि त्यांची साले तोंडपाठ करतात, परीक्षेत ती बिनचूक लिहितात, पण त्या खटल्यात नेमके भांडण कशावरून होते असे विचारले की गप्प बसतात. तेव्हा हे खटले शिकवावेत तरी कसे? मी शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवतो. माझ्या अनुभवाप्रमाणे खटले मोजकेच घ्यावेत, सुरुवात न्यायालयात गेलेल्या माणसापासून करावी आणि निकाल सांगण्याआधी थांबावे. निकाल कळला की वर्गातील विचार तिथेच संपतो, कारण सर्वोच्च न्यायालयाने सांगितले तेच बरोबर उत्तर, असे समजून मुले ते वहीत उतरवून मोकळी होतात.

मूलभूत चौकटीचा, म्हणजे संविधानाच्या संसदेलाही मोडता न येणाऱ्या गाभ्याचा, विषय पाठ्यपुस्तकात लवकर येत असला, तरी पहिला खटला म्हणून केशवानंद भारती घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. मी बिजो इमॅन्युएल खटल्यापासून सुरुवात करतो, कारण तो शाळेच्या परिपाठात घडलेला आहे आणि परिपाठ म्हणजे काय हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. केरळमधील तीन भावंडे अनुक्रमे दहावी, नववी आणि पाचवीत शिकत होती. ती यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची होती. राष्ट्रगीत सुरू झाले की ती सर्वांबरोबर आदराने उभी राहत, परंतु आपल्या श्रद्धेला धरून गात मात्र नसत. जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले आणि केरळ उच्च न्यायालयानेही त्यांची याचिका फेटाळली. एवढे सांगून मी खडू खाली ठेवतो आणि वर्गाला विचारतो की आता तुम्ही सर्वोच्च न्यायालयात बसला आहात, तर काय कराल?

पहिल्या काही मिनिटांत बहुतेक हात 'काढले ते योग्यच केले' या बाजूने वर जातात, आणि जाऊ द्यावेत. मग कोणीतरी विचारतेच की मुले उभी तर होती ना, गोंधळ तर घालत नव्हती ना. एका वर्षी मागच्या बाकावरील एक मुलगी, जी एरवी तासाला तोंड उघडत नसे, अहिराणीत म्हणाली, "मंग त्यासनी चूक काय?" चर्चा तिथून खरी सुरू झाली. अशा वेळी भाषा दुरुस्त करत बसू नये. वाद अहिराणीत होवो, पावरीत होवो की प्रमाण मराठीत, युक्तिवाद महत्त्वाचा. या टप्प्यावर मी राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणाऱ्या १९७१ च्या कायद्यातील राष्ट्रगीताविषयीचे कलम मराठीत फळ्यावर लिहितो. त्यात राष्ट्रगीत गाण्यास हेतुपुरस्सर प्रतिबंध करणे किंवा ते गाणाऱ्या जमावात अडथळा आणणे हा गुन्हा आहे. मुले ते दोनदा वाचतात आणि त्यांच्या लक्षात येते की प्रत्येकाने गायलेच पाहिजे असे त्यात कुठेच म्हटलेले नाही. त्यानंतर अनुच्छेद १९(१)(क) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि अनुच्छेद २५ मधील धर्मस्वातंत्र्य वाचले की त्या ओळींना अर्थ येतो, कारण त्यांना आता एका प्रश्नाचे उत्तर शोधायचे असते. निकाल मी दुसऱ्या दिवशी सांगतो: ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्यायालयाने मुलांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला, आणि आपली परंपरा, आपले तत्त्वज्ञान व आपले संविधान सहिष्णुता शिकवते, ती पातळ होऊ देऊ नये, अशा आशयाने निकालपत्राचा शेवट केला. हा तास घेण्याआधी मुख्याध्यापकांना कल्पना देऊन ठेवावी; विषय नाजूक आहे, आणि घरी अर्धवट निरोप गेला तर विनाकारण गैरसमज होतो.

दुसरा खटला ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका हा घ्यावा. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईच्या पदपथांवरील झोपड्या काढून तिथल्या माणसांना त्यांच्या मूळ गावी पाठवण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला आणि त्याविरुद्ध याचिका दाखल झाल्या. आमच्याकडील कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा सुरतेकडे कामाला जातात, त्यामुळे पोटासाठी गाव सोडून मिळेल तिथे राहणे म्हणजे काय, हे वर्गातील काही मुलांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असते. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी म्हटले की उपजीविकेचे साधन काढून घेतले तर जगण्याचा हक्क उरत नाही, म्हणून अनुच्छेद २१ मध्ये उपजीविकेचा हक्कही येतो. इथे थांबलो तर मात्र मुलांची फसवणूक होईल. न्यायालयाने पदपथावर राहण्याचा हक्क दिला नाही, महापालिकेचा अतिक्रमण काढण्याचा अधिकारही वैध ठरवला. फक्त तो वापरण्यापूर्वी सर्वसाधारणपणे नोटीस द्यावी, म्हणणे ऐकून घ्यावे आणि ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा सरून महिना होईपर्यंत, झोपड्या काढू नयेत, असे सांगितले. तत्त्व जिंकले आणि जागा गेली, हे दहावीच्या मुलांना समजते. त्यावर ती चिडतात, आणि त्या चिडण्यातून निघणारे प्रश्न कोणत्याही स्वाध्यायापेक्षा चांगले असतात.

आपल्या खान्देशात शिकवणाऱ्याने नर्मदा बचाव आंदोलन विरुद्ध भारत सरकार हा खटला टाळू नये. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाच्या बुडितात महाराष्ट्रातील जी ३३ गावे आली, ती अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांतील आहेत, आणि त्यांतील अनेक कुटुंबांचे पुनर्वसन तळोदा व शहादा तालुक्यांत झाले आहे. ज्यांच्या आजोबांचे शेत पाण्याखाली गेले अशी मुले माझ्या वर्गात असतात. १८ ऑक्टोबर २००० रोजी तीन न्यायमूर्तींपैकी दोघांनी धरणाचे काम पुनर्वसनाच्या अटींवर टप्प्याटप्प्याने पुढे नेण्यास मान्यता दिली, तर न्यायमूर्ती भरुचा यांनी पर्यावरणीय मंजुरी पुरेशा माहितीविना दिली गेली असे सांगून ती नव्याने तपासेपर्यंत काम थांबवावे असे मत दिले. मी दोन्ही मते समोर ठेवतो आणि स्वतःचे मत देत नाही. पाण्याची गरज असलेला शेतकरी आणि जमीन गमावलेला शेतकरी एकाच वर्गात, कधी एकाच बाकावर, बसलेले असतात. ज्या मुलाला घरची हकीकत सांगायची असेल त्याला ती सांगू द्यावी, पण ती सांगायला कोणालाही उभे करू नये.

हीच काळजी माधुरी पाटील खटल्याबाबत दुप्पट घ्यावी लागते. जात आणि जमातीच्या दाखल्यांची पडताळणी कशी व्हावी याची कार्यपद्धती सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये या खटल्यात घालून दिली, आणि बारावीनंतर 'व्हॅलिडिटी'साठी होणारी धावपळ तिच्याशी जोडलेली आहे. मुलांना हे कळले पाहिजे. मात्र वर्गातील कोणाचा दावा कुठे अडला आहे, हा विषय तासाला निघता कामा नये.

एवढे झाल्यावर केशवानंद भारती घ्यावा. केरळमधील एडनीर मठाच्या प्रमुखांनी जमीन सुधारणा कायद्याविरुद्ध याचिका केली होती, परंतु संसद संविधान कितीही बदलू शकते का, या प्रश्नापर्यंत ती पोहोचली. तेरा न्यायमूर्ती, ६८ दिवसांची सुनावणी आणि २४ एप्रिल १९७३ रोजी सातास सहा असा निकाल: दुरुस्ती कोणत्याही भागाची करता येते, पण संविधानाची मूलभूत चौकट मोडता येत नाही. हे अमूर्त वाटते, म्हणून मी वर्गाला विचारतो की आज तुम्ही बहुमताने ठरवले की यापुढे या वर्गात कधीच मतदान होणार नाही, तर तो ठराव पुढच्या वर्षीच्या मुलांवर बंधनकारक का असावा? त्यावर अर्धा तास सहज जातो. जोडीला हेही सांगतो की संविधान सभेची मागणी करणारा ठराव काँग्रेसने डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या जळगाव जिल्ह्यातील फैजपूरच्या अधिवेशनात केला होता. चौकट कोणी आणि कोणत्या हक्काने घातली, हा प्रश्न त्यामुळे दिल्लीपुरता राहत नाही.

न्यायालय चुकते, हे दाखवल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, ए.डी.एम. जबलपूर खटल्यात चार न्यायमूर्तींनी ठरवले की बेकायदा अटकेविरुद्धही नागरिकाला त्या काळात न्यायालयात दाद मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात राहिले, आणि पुढे त्यांची सेवाज्येष्ठता डावलून दुसऱ्यास सरन्यायाधीश केले गेले तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. त्या चौघांत यशवंत चंद्रचूड होते, ज्यांनी नऊ वर्षांनी ओल्गा टेलिसचा निकाल लिहिला. आणि २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काचा पुट्टस्वामी निकाल देताना १९७६ चा निर्णय चुकीचा ठरवणाऱ्यांत त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते. ही साखळी मुलांना कथेसारखी लक्षात राहते, आणि भिन्नमताचे निकालपत्र का वाचायचे हेही त्यांना आपोआप पटते.

साहित्याबद्दल सांगायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर अनेक निकालांचे मराठी अनुवाद मिळतात. त्यांची भाषा जड असते, म्हणून पूर्ण निकालपत्र वर्गात नेऊ नये. घटनाक्रमाचा एक उतारा आणि कारणमीमांसेचा एक उतारा पुरे. चाचणीत साल विचारण्याऐवजी मी एकच प्रश्न ठेवतो: तुम्ही कोणत्या बाजूने निकाल द्याल ते लिहा आणि हरलेल्या बाजूचा सर्वांत मजबूत मुद्दा त्यांच्या वकिलाने मांडावा तसा मांडा. दहापैकी सहा गुण मी दुसऱ्या भागाला देतो. पहिल्या चाचणीत तो भाग बहुतेक कोरा राहतो. दुसऱ्या सत्रापर्यंत मुले तिथे पुरवणी मागतात.